‘व्हय’ला बंदी

सोपान खराडे मास्तरांच्या क्लासात एक सोडून बाकी सगळे शब्द चालत. मास्तर स्वतः बावीस वर्षं पलटणीत काढून आलेले, तेव्हा शिव्यांचं त्यांना वावडं नव्हतं. शिकवताना एखाद्या पोरानं तोंड वासून जांभई दिली, तर ते फक्त खडू फेकून मारत आणि तोही बहुधा भलत्यालाच लागे. पण ‘व्हय’ हा शब्द कानावर पडला रे पडला, की मास्तरांच्या मिशा ताठ होत आणि टेबलावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला जाई. डब्यात बिस्किटं कधीच नसत. त्यात हळकुंडं असत. वाळलेली, करंगळीएवढी, टणक. ज्याच्या तोंडून ‘व्हय’ निघालं त्यानं उठायचं, एक हळकुंड उचलायचं, गालात धरायचं आणि तास संपेपर्यंत तसंच बसायचं. चावायचं नाही, थुंकायचं नाही.

हळकुंडांची सोय आयती होती. सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत्याच्या गोदामावर रिकामी माडी होती, तिथं हा क्लास भरे. खाली पोती आपटली, की फळ्यांच्या फटींतून पिवळा धुरळा वर येई. वह्या पिवळ्या, सदऱ्यांच्या कॉलरी पिवळ्या, मास्तरांच्या टोपीची कडसुद्धा पिवळी. गावात कुणी पिवळट पोरगं गाल फुगवून मुकाट चाललेलं दिसलं, की लोक समजत, हे खराडेंच्या क्लासाचं.

जिन्याच्या तोंडाशी पाटी होती. ‘खराडे क्लास. लष्करी कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेची खात्रीशीर तयारी. लेखी व तोंडी.’ यातला ‘खात्रीशीर’ एवढा एक शब्द सोडला तर पाटी अगदी खरी होती. सात वर्षांत चाळीसेक पोरं येऊन गेली. त्यातली नऊ लेखी परीक्षा पास झाली. नऊच्या नऊ तोंडी परीक्षेला गेली आणि नऊच्या नऊ घरी परत आली. आत काय झालं असं मास्तरांनी विचारलं, की प्रत्येक जण खाली मान घालून तेच सांगे, “सायेब इचारत हुता. मी गप हुतो.”

“पण तो शब्द तोंडातून गेला नाही ना?”

“न्हाई मास्तर.”

“शाबास,” मास्तर म्हणत. पोरगं नापास झालं याचं त्यांना वाईट वाटे, नाही असं नाही, पण शब्द गेला नाही याचं समाधान त्याहून मोठं असे.

त्या शब्दावर राग का, हे मास्तर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दाखवत. इंग्रजीत ‘व्हाय’ म्हणजे ‘का?’. आपल्याकडं ‘व्हय’ म्हणजे ‘हो’. आता साहेबानं सरळ मनानं विचारलं, की तुला देशाची सेवा करायची आहे का? आणि तुम्ही म्हणालात ‘व्हय’. साहेबाच्या कानाला ते काय लागणार? ‘का?’ म्हणजे साहेब विचारतोय देशसेवेबद्दल आणि समोरचं टिनपाट पोरगं उलट त्यालाच विचारतंय, का म्हणून करू? संपलं की मग. म्हणून या माडीवर हो म्हणायचं असेल तर ‘येस सर’, नाही म्हणायचं असेल तर ‘नो सर’, आणि दोन्ही आठवत नसेल तर गप.

स्वतः मास्तर मूळचे आटपाडीकडचे. पण त्यांनी आपली भाषा इतकी घासूनपुसून घेतली होती, की घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी ते बायकोला, आक्काताईंना, म्हणत, “मीठ किंचित कमी आहे असे वाटते.” आक्काताई म्हणत, “मग तसं रेडिओवर सांगा.”

सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरात कुंडलचे लालासाहेब आवटे आपल्या लेकीला घेऊन त्या माडीवर चढले. लालासाहेब आणि मास्तर एकाच पलटणीतले. लालासाहेब लान्स नाईक होऊन परतले, पण लिहिण्यावाचण्याच्या वाटेला गेले नाहीत. त्यांची घरची पत्रं सगळी खराडेंनी लिहिली होती. त्या पत्रांमुळंच आपला संसार टिकला असं लालासाहेबांचं प्रामाणिक मत होतं आणि म्हणून कृष्णेच्या दोन्ही काठांवर खराडेंएवढा विद्वान माणूस नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आता ते घरचा ऊस बघत आणि पायांत पलटणीचेच बूट घालत.

“मास्तर, ही आमची बनू,” ते म्हणाले. “बारावी सायन्सला हाय. डोकं बरं हाय. तोंड मातुर लय हाय.”

बनू उंच, काळीसावळी, दोन वेण्या घट्ट बांधलेली. तिनं माडीवर एक नजर फिरवली आणि दोनदा शिंकली.

“काय व्हायचं ठरवलं आहे?” मास्तरांनी विचारलं.

“डाक्टर,” लालासाहेबच बोलले. “पुण्याच्या मिल्ट्रीच्या कॉलेजात. मिल्ट्रीतला डाक्टर म्हंजे आफिसर बगा. आपुन दोघंबी ज्यास्नी सॅलूट ठोकून दमलो, त्येंच्यातलं येक माज्या चुलीम्होरं जेवाय बसंल. म्या म्हणलं, काय बिगाडलं?”

“तिलाच विचारू. मुली, तुला खरंच डॉक्टर व्हायचं आहे?”

“व्हय,” बनू म्हणाली.

डबा उघडला. फळ्यावर ‘व्हाय’ लिहून झालं. बनूनं सगळं नीट ऐकून घेतलं, हळकुंड उचललं, पदराला पुसलं आणि गालात ठेवलं. एवढ्यावर कुठलंही पोरगं गप झालं असतं. बनूनं जिभेनं ते हळकुंड एका बाजूला सारलं आणि म्हणाली, “पर मास्तर, सायबाला आमचं बोलणं कळत न्हाई तर त्यानं इचारावं की परत.”

“साहेब परत विचारत नसतो.”

“का?”

लालासाहेब मांडीवर थाप मारून हसले. मग त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. बनूची आजी, अंबूबाई, हिनं कवठे महांकाळचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा सोसायटीत सेक्रेटरी होता आणि तिथल्या माळावर त्याच्या बापाची चाळीस एकर कुसळं होती. लालासाहेबांनी आईकडून कशीबशी मुदत मागून घेतली होती. “एक डाव दिलाय हिला, मास्तर. फुडल्या पावसाळ्यात निकाल लागंल. जमलं तर जमलं. न्हाई तर तुळशीचं लगीन झालं की हिला हळद लावायची. म्या आईला शबुद दिलाय.”

“लागली की आत्ताच,” बनू हळकुंडामागून म्हणाली.

पुढचे सहा महिने त्या माडीवर जे चाललं त्याला शिकवणी म्हणायचं की कुस्ती, हे ठरवणं कठीण आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय बनूनं कॉलेजातच तोंडपाठ केले होते. मास्तरांकडं होतं इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि तोंडी परीक्षा. इंग्रजी ते कवायतीच्या तालावर शिकवत. एका पोरानं साहेब होऊन खुर्चीत बसायचं, दुसऱ्यानं दारातून आत यायचं, टाच जुळवायची, ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचं. बनू साहेब झाली, की भलतेच प्रश्न विचारी. एकदा तिनं आत आलेल्या पोराला विचारलं, “डू यू टेक बाथ डेली?” त्या बिचाऱ्याच्या तोंडून खरं काय ते निघून गेलं, ‘व्हय’ नव्हे, ‘न्हाई’. त्याला शिक्षा करायची की नाही यावर मास्तर बराच वेळ विचार करत बसले.

स्वतः बनू दिवसाला तीनदा तरी सापडे. एवढी हळकुंडं तिनं गालात धरली, की कुंडलच्या एस.टी.तला कंडक्टर तिला विचारू लागला, दात किडलाय का. अंबूबाईला तर नातीची पिवळी जीभ पाहून फार आनंद झाला. लग्नाआधीच अंगावर हळद चढली, हा शकुन आहे, असं तिनं गल्लीभर सांगितलं. पण बाकीच्या पोरांत आणि बनूत एक फरक होता आणि तो मास्तरांना फार खटके. हळकुंड तोंडात गेलं की बाकीची पोरं मिटत. बनू बोलत राही. नीट ऐकू येत नसे, अर्धे शब्द गालात अडकत, पण बोलणं थांबत नसे.

“ही पोरगी शिस्तीत बसली तर नक्की होईल,” मास्तर एका संध्याकाळी आक्काताईंना म्हणाले. “आणि नाही झाली, तर पाटी उतरवतो. सात वर्षं झाली. नऊ पोरं परत आली, त्यांच्यामागं हीही परत आली, तर मला त्या जिन्यावर चढायला तोंड राहणार नाही.”

आक्काताईंनी यावर काही चेष्टा केली नाही. नवरा खरं बोलतोय तेव्हा त्यांना ते कळे.

लेखी परीक्षेत बनू पास झाली. पत्र आलं, जुलैत पुण्याला तोंडी परीक्षा. आदल्या दिवशी मास्तरांनी बाकीच्या पोरांना सुट्टी दिली आणि बनूला समोर बसवलं. खाली पेठ बंद होती, त्यामुळं हवेत धुरळा नव्हता.

“तुला एक गोष्ट सांगतो,” ते म्हणाले. “आजवर कुणाला सांगितली नाही. तुझ्या वडिलांनाही नाही.”

अठ्ठावन्न सालची गोष्ट. मास्तर तेव्हा पलटणीत शिक्षण हवालदार होते. शिपायांमधून अधिकारी निवडायचे होते आणि खराडेंचं नाव वर गेलं. लेखी परीक्षा झाली, पळणं झालं, दोरावर चढणं झालं, सगळ्यांत पास. राहिली तोंडी. लांब दक्षिणेतल्या एका छावणीत पाच साहेब बसलेले, मधोमध एक कर्नल. त्यानं विचारलं, “हवालदार खराडे, डू यू विश टू बी अॅन ऑफिसर?”

“चार महिने मी ‘येस सर’ घोकलं होतं,” मास्तर म्हणाले. “झोपेतही म्हणत होतो. आणि त्या घडीला तोंडातून काय बाहेर पडलं?”

बनूनं डब्याकडं पाहिलं.

“तेच. कर्नल म्हणाला, ‘व्हाय? एक्झॅक्टली. व्हाय?’ आणि मी बाहेर आलो. एका शब्दानं माझं सगळं गेलं. म्हणून सांगतो, बनू. उद्या काहीही कर, पण तो शब्द गिळ.”

आक्काताईंना त्यांनी छाती दोन इंच कमी भरली असं सांगितलं होतं आणि वीस वर्षं त्या ते खरं मानून त्यांना दूध जास्त देत होत्या. बनूला हे कळलं असतं तर ती हसली असती. पण मास्तरांचा चेहरा पाहून तिनं फक्त ‘येस सर’ म्हटलं आणि ते तिच्या तोंडी इतकं परकं वाटलं, की मास्तरांनाच कसंसं झालं.

पुण्याला तिघं गेले. लालासाहेबांनी जुना कोट चढवला होता आणि त्यावर तिन्ही पदकं लावली होती, त्यामुळं फाटकावरच्या जवानानं चुकून त्यांनाच सलाम ठोकला. ते त्या दिवसाचं त्यांचं मोठं यश. बनू आत गेली. मास्तर आणि लालासाहेब बाहेर लिंबाखाली बसले. इतर पोरं दहा-बारा मिनिटांत बाहेर येत होती. बनूला आत जाऊन पंचवीस मिनिटं झाली. मग त्या बाजूच्या खिडकीतून हसण्याचा मोठा आवाज आला. चार-पाच माणसं एकदम हसली.

“हसत्यात की!” लालासाहेब खूश होऊन म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. साहेब लोक कशाला हसतात हे त्यांना ठाऊक होतं.

परतीच्या मिरज पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळाल्यावर बनू सांगू लागली. “आत गेले. टाच जुळवली. ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणलं. नाव इचारलं, गाव इचारलं, बारावीचं इचारलं. समदं विंग्लिशमदी झालं, मास्तर, अगदी तुमी शिकवलं तसं. मग मदला टकल्या सायेब म्हणला, ‘सो मिस आवटे, डू यू रिअली वॉन्ट टू बी अ डॉक्टर?’”

“आणि तू ‘येस सर’ म्हणालीस.”

बनूनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “न्हाई. ‘व्हय’ म्हणलं.”

मास्तर उठून उभे राहिले.

“आवं, फुडचं ऐका तरी!”

“पुढं काय असतं?” मास्तर म्हणाले. “मला माहीत आहे पुढचं.” ते डब्याच्या दारात जाऊन उभे राहिले ते कऱ्हाड येईपर्यंत. लालासाहेबांनी दोनदा हाक मारली, शेंगांचा पुडा पुढं केला, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. बनूनंही नाक मुरडलं आणि खिडकीबाहेर पाहत बसली. ऐकायचं नसेल तर नका ऐकू, तिला काय.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खरोखरच पाटी उतरवली. गोदामातल्या हमालानं विचारलं, “मास्तर, रंगवाय काढली काय?” मास्तर म्हणाले, “नाही. विसाव्याला.” पोरं येत होती म्हणून शिकवणी चालू राहिली, पण मास्तरांचा त्यात जीव नव्हता. कुणी ‘व्हय’ म्हटलं तर नुसता डबा पुढं सरकवायचे, ओरडायचेसुद्धा नाहीत. तिकडं कुंडलला अंबूबाईनं कवठे महांकाळला निरोप धाडला आणि सेक्रेटरी मोजक्या पाहुण्यांसह पोरगी बघून गेला. त्यानं बनूला एकच प्रश्न विचारला, भाकरी येते का. बनू म्हणाली, “व्हय. खायाला.” तरीही त्यानं पसंती कळवली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हे बनूला कळेना. तीन दिवस ती जेवली नाही आणि तिच्यासारख्या बोलक्या पोरीचं घरात तोंड मिटलेलं पाहून लालासाहेबांना पहिल्यांदा भीती वाटली. पण शब्द दिला होता. ते रानात जाऊन उसाला उगाच पाणी देत बसायचे.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारच्या वेळी, माडीच्या जिन्यावर पलटणीचे बूट धाडधाड वाजले. लालासाहेब वर आले ते धापा टाकतच. “मास्तर! वाचा!” त्यांनी एक लिफाफा टेबलावर आपटला. “पोस्टमन म्हणतुया पास हाय, बनू म्हणतीया पास हाय, पर तुमी वाचल्याबिगार म्या कसा इस्वास ठेवू?”

मास्तरांनी पत्र वाचलं. मग दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा खिडकीच्या उजेडात धरून वाचलं. कुमारी बनुबाई लालासाहेब आवटे, मुक्काम कुंडल, हिची निवड झाली होती.

“नावात घोटाळा असेल,” मास्तर म्हणाले.

“कुंडलात दुसरी बनू आवटे कोण हाय?” बनू दारातनं म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता आणि डोळे रडून सुजले होते, दोन्ही एकदम. लालासाहेबांनी मास्तरांना उचललं, परत खाली ठेवलं आणि पेढे आणायला जिना उतरून गेले. जाताना ओरडले, “चारची यष्टी हाय, बनू! आईला सांगायचंय अजून! त्या सेक्रेटरीला दुसरीकडं भाकरी बगाय लावू!”

माडीवर दोघंच राहिले. मास्तर खुर्चीत बसले. “पण तू तो शब्द म्हणाली होतीस.”

“म्हणलं की.”

“मग?”

“आता ऐकणार? का परत दारात जाऊन हुबं ऱ्हाणार?”

मास्तरांनी ऐकतो म्हणून मान हलवली. बनू बाकावर बसली.

“मी ‘व्हय’ म्हणलं. टकल्या सायेब म्हणला, ‘व्हाय? यंग लेडी, दॅट इज माय क्वश्चन.’ माज्या ध्येनात आलं, घोटाळा झाला. तुमची समदी गोष्ट आठवली. म्हणलं, आता गप बसले तर मेले. मग म्हणलं, ‘सर, क्वश्चन इज युवर्स, आन्सर इज विथ मी.’ सायेब म्हणला, ‘लेट अस हॅव इट.’ मग काय, सुटलेच. आमच्या गावातला कंपौंडर हाय न्हवं, त्याची येकच सुई. सोमवारी उकळतो आन् हप्ताभर चालवतो. आमची धोंडूआत्त्या त्याच सुईनं पिकून महिनाभर हातरुणात हुती. त्येच सांगितलं. ‘सर, वन निडल, होल व्हिलेज. बॉईल ओन्ली मंडे. ट्यूसडे टू संडे, पीपल क्राय.’”

मास्तर खुर्चीत पुढं सरकले.

“तवा त्यो कडंचा सायेब म्हणला, मग मिल्ट्रीतच का? म्हणलं, ‘सर, आर्मी बॉईल्स डेली.’ तवा हसले समदे. मग घरच्यागत इचारत बसले. ऊस किती, आजी काय म्हणती, जीभ पिवळी का. तेबी सांगितलं.”

“जिभेचंही सांगितलंस?”

“इचारलं तर सांगाय नगं? टकल्या सायेब म्हणला, ‘युवर टीचर मस्ट बी अ रिमार्केबल मॅन.’ म्हणलं, ‘येस सर.’”

खाली कुणीतरी पोतं आपटलं आणि फटीतून थोडा धुरळा वर आला. मास्तरांनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. त्यांना आनंद झाला होता, मनापासून झाला होता, पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी टोचत होतं. तोच शब्द. तसाच साहेब. मग त्यांच्या वेळी काय बिघडलं होतं?

बनूनंच ते विचारलं. तिला राहवेना. “मास्तर, एक इचारू? तुमास्नी त्यो कर्नल ‘व्हाय’ म्हणला. आन् तुमी बाहेर आला. मदी काय झालं?”

“मध्ये?”

“सायेब ‘व्हाय’ म्हणल्यावर तुमी काय बोलला?”

वीस वर्षं मास्तरांनी ती गोष्ट मनात शेकडो वेळा घोळवली होती, पण ती नेहमी त्या शब्दापाशी येऊन तुटे आणि एकदम दाराबाहेर जुळे. मधलं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता त्यांना दिसलं. कर्नलनं ‘व्हाय’ म्हटलं आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. तो रागावला नव्हता. त्यानं खुर्चीला पाठ टेकली होती. भिंतीवर घड्याळ होतं. पाचही साहेब वाट पाहत होते, चांगला मिनिटभर पाहत होते. जा असं कुणी म्हटलंच नव्हतं. हवालदार खराडेंनीच सलाम ठोकला होता, हवालदार खराडेच मागं वळले होते.

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “मी गप होतो.”

हे वाक्य त्यांनी याआधी नऊ वेळा ऐकलं होतं. नऊही पोरांचे चेहरे त्यांना आठवले, एकेकाचं नाव आठवलं, आणि प्रत्येकाला आपण शाबास म्हणालो होतो हेही आठवलं. समोर डबा होता. त्याच्याकडं बघायची त्यांना लाज वाटली.

त्यांचा चेहरा पाहून उठून जावं की थांबावं ते बनूला कळेना. मग ती सहा महिने करत आली होती तेच तिनं केलं. खुर्ची ओढून ती टेबलापलीकडं साहेबाच्या जागी बसली आणि पाठ टेकली.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमाला खरंच आफिसर व्हायचं हुतं?”

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. घसा खाकरला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“व्हय,” ते म्हणाले.

डब्याला कुणी हात लावला नाही.

“का?” बनूनं विचारलं.

“माजी आय आजारी हुती,” मास्तर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण तो घासूनपुसून घेतलेला नव्हता. “पंचावन्न साली. आटपाडीसनं तार आली. म्या रजंचा अर्ज दिला. सायेब चांगला हुता, माणूस वाईट न्हवता. नकाशावर बोट ठिवून म्हणला, हितनं दोन दिसांचा परवास, सोमवारी निग, बुधवारी पोचशील. त्याला कुणी सांगावं, की टेसनापासनं फुडं मोटार न्हाई, माणदेशात चालत जावं लागतं! मला बोलायचं हुतं, की आजच निगाय पायजे. म्या ‘येस सर’ म्हणलं. गेलो तवा समदं उरकलं हुतं. तवा वाटलं, पलटणीत अर्जावर सही करणारा एक तरी माणूस असा पायजे, ज्याला आटपाडीला पोचाय किती दिस लागत्यात त्ये ठावं हाय. म्हणून व्हायचं हुतं मला आफिसर. ह्येच सांगायचं हुतं त्या कर्नलला. लय न्हवतं, बग. एवढंच हुतं.”

ते थांबले नाहीत. आईबद्दल बोलले, तिनं चिंचेखाली बसून त्यांच्याकडून अक्षरं कशी गिरवून घेतली ते बोलले, छाती दोन इंच कमी भरल्याची थाप बोलले. बनू मध्येच हसली, मध्येच तिनं डोळे पुसले, आणि ते थांबताहेत असं वाटलं की ती ‘का?’ नाही तर ‘मग?’ म्हणून पुढं ढकले.

खालून लालासाहेबांची हाक आली. “बनू! आगं चारची यष्टी सुटली की! काय करतीस वर?”

बनूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “जाऊ द्या, आबा!” ती ओरडली. “मास्तर बोलाय लागल्यात.”